मुलीच्या खेळाचं बजेट कोण ठरवणार?

मैत्रिणींनो, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय आणि ते विकत कसं घ्यायचं, यावर आपल्या अंकात लेख आलेला पाहून काहीजणींच्या भुवया उंचावतील, हे मला ठाऊक आहे. बैठकीत विषय मांडला तेव्हाच विचारलं गेलं, ‘पाण्याचा प्रश्न, कंत्राटी बायकांचे पगार, पोटगीचे खटले हे सगळं बाजूला ठेवून आता आपण पोरांच्या व्हिडिओ गेमवर लिहायचं का?’ त्यातला ‘पोरांच्या’ हा शब्द मला खटकला. कॉम्प्युटरवरचा खेळ पोरांचा, त्याचं यंत्र पोरांचं, ते बिघडलं तर दुरुस्त करणार पोरं, आणि त्यावर पैसे घालायचे तर तेही पोरांसाठी, हे आपण इतकं गृहीत धरलंय की चळवळीतल्या बाईच्या तोंडूनही ते सहज निघून जातं. मला त्याविरुद्धच बोलायचं आहे.

आधी हकीकत सांगते. चिखलीच्या घरकुलमधली आमच्या गटातली एक मैत्रीण चाकणच्या बाजूला एका कारखान्यात वायरिंग हार्नेस बनवण्याच्या कामाला जाते, कंत्राटावर. तिच्या मुलाला चार वर्षांपूर्वी घरच्यांनी गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर घेऊन दिला. तेव्हा ‘कशाला?’ असा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. मुलाला नोकरी लागली, त्यानं लॅपटॉप घेतला, आणि कॉम्प्युटर बहिणीकडे आला. भावाचे उतरलेले शर्ट आणि दप्तर तिला मिळाले तसंच हेही. आला तेव्हाच त्याला दुखणं लागलेलं होतं. खेळ सुरू करून वीसएक मिनिटं झाली की पडदा काळा आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू. कधी पडद्यावर रंगीत चौकोन उमटायचे आणि सगळं जागच्या जागी गोठायचं. मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला व्हॅलोरंट खेळायला आवडतं. यंदा आईला भिशी लागली, बारा हजारांची. आईनं जाहीर केलं, ‘या पैशातून पोरीचा कॉम्प्युटर नीट करायचा.’ त्या एका वाक्यावर घरात जे महाभारत झालं ते मी इथे लिहीत नाही. तुम्हा प्रत्येकीला ते पाठ आहे.

त्या भांडणातला एक मुद्दा मात्र बाहेर काढायलाच हवा. मुलीच्या बाजूनं बोलणारेही म्हणत होते, ‘अहो, तिला अभ्यासाला लागतो तो.’ मुलगीसुद्धा तेच म्हणायला लागली होती. आईनंही दुकानात तेच सांगितलं. खरी गोष्ट अशी की डिप्लोमाच्या अभ्यासाला त्या यंत्राला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागतं खेळायला. आणि खेळायचंय म्हणून हवंय, हे म्हणायची हिंमत त्या घरात एकीलाही होत नव्हती.

हे आजचं नाही. आपल्या आज्या-पणज्या खेळत नव्हत्या का? मंगळागौरीला रात्र-रात्र जागून झिम्मा, फुगड्या, पिंगे घालत होत्याच की! लहानपणी लग्न होऊन आलेल्या त्या पोरी होत्या, अंगात खेळ होता. पण खेळायचं तर व्रत हवं. भोंडल्याला हत्तीची पूजा हवी. नुसतं ‘मला उड्या मारायच्यात’ असं म्हणून अंगणात उतरलेली सून कुठल्या घरानं खपवून घेतली असती? खेळाला निमित्त लागायचं आणि ते धर्माचं असायचं. आता ‘अभ्यास’ आणि ‘करिअर’ हे नवं व्रत आलंय, एवढाच फरक. भावाला असं कुठलंच व्रत करावं लागलं नव्हतं.

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात बायकांच्या शहरातल्या वावराबद्दल हाच मुद्दा मांडला होता. पुरुष नाक्यावर उगाच उभा राहतो. बाई उभी असेल तर ती कोणाची तरी वाट बघत असावी लागते, हातात पिशवी असावी लागते, काहीतरी काम असावं लागतं. उगाच, मजेसाठी, बिनकामाचं बाहेर असणं हा बाईचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, हा हक्क घराच्या आतही हवा. घरकुलच्या खोलीत रात्री दहा वाजता हेडफोन लावून बिनकामाचं बसलेली मुलगी ही नाक्यावर उभ्या असलेल्या मुलीइतकीच डोळ्यांत खुपते.

वेळेचा हिशोब काढा. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी करून दिवसाची मिनिटं मोजली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. आणि जे पुरुष घरकाम करतात असं म्हणतात, ते ९७. पुन्हा २०२४ साली मोजलं तेव्हा बायकांची २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं! पुरुषांची ८८ झाली, म्हणजे त्यांनीही नऊ मिनिटं काढून घेतली. आमच्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेनं दिवसाआड पाणी सुरू केलं, तेव्हापासून पाण्याच्या दिवशी घरातल्या पोरींचं वेळापत्रक नळानं ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, हे आपण दरवर्षी अभिमानानं सांगतो. त्या रविवारी गिरणी कामगाराच्या घरातली चूल बंद राहिली का, हे मात्र आपण विचारत नाही.

आता पैशाचा प्रश्न. ‘गरीब बाईनं बारा हजार खेळावर उडवायचे?’ असं आपल्यातल्याच एकीनं विचारलं. वाजवी प्रश्न आहे, पण तो एकाच बाजूला विचारला जातो. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या चिखलीत, जाधववाडीला, बैलगाडा शर्यत झाली. बक्षिसांत जेसीबी होता, बोलेरो गाडी होती. गर्दी कोणाची होती ते सांगायला नको. तिला ‘शौक’ म्हणतात, ‘परंपरा’ म्हणतात, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढे झाले. शर्यत बरी की वाईट यात मी आत्ता शिरत नाही. मी एवढंच म्हणते की पुरुषाच्या खेळाला आपल्या गावात मैदान मिळतं, मंडप मिळतो, पुढारी मिळतो. आणि मुलीच्या खेळाला आईच्या भिशीतले बारा हजार मिळाले तर ती उधळपट्टी. मंडळाच्या डीजेला वर्गणी देताना कोण हिशोब मागतं?

तर आई आणि मुलगी दुकानात गेल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं एकच दुकान नाही. काउंटरवरच्या माणसाचा पहिला प्रश्न, ‘ताई, मुलगा काय खेळतो?’ मुलगी शेजारी उभी! तिनं सांगितलं, मी खेळते. मग तो आईकडेच बघत म्हणाला, ‘कार्ड उडालंय. मुलीला काय, चार जीबीचं ७३० टाकून देतो, तिला पुरे.’ यंत्र उघडलं नाही, वीज लावून पाहिली नाही, काय होतं आणि कधी होतं ते विचारलं नाही.

‘तिला पुरे.’ मैत्रिणींनो, हे दोन शब्द आपण जन्मापासून ऐकत आलोय. दूध कपभर पुरे, शिक्षण दहावीपर्यंत पुरे, पगार एवढा पुरे, नाहीतरी नवरा कमावतोच. बाईसाठी ‘बजेट’ या शब्दाचा अर्थ ‘हातातल्या पैशात जास्तीत जास्त चांगलं काय मिळेल’ असा नसतोच. तिला निमूटपणे काय देऊन वाटेला लावता येईल, असा असतो.

आणि ते ७३० काय आहे बघा. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड. त्यावर ‘४ जीबी’ छापलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला तेवढं पुरतं. पण चार जीबी म्हणजे कोठाराचा आकार. कोठारातून माल किती वेगानं बाहेर येतो ते वेगळं, आणि त्या मालावर काम करणारे हात किती ते आणखी वेगळं. या कार्डात दोन्ही तुटपुंजे. नव्या खेळांसाठी त्याचे नवे ड्रायव्हर निघणं २०२१ पर्यंतच थांबलं. गंमत अशी की मुलीच्या यंत्रात जे बिघडलेलं कार्ड होतं, जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चं, तेसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी दमदार. म्हणजे पैसे मोजून आधीपेक्षा कमजोर वस्तू घरी न्यायची. जुन्या कोऱ्या कार्डात पत्र लिहायचा, सिनेमा बघायचा पडदा चालतो. पण तो या यंत्रात कार्डाशिवायही चालत होता!

दुसरा सल्ला भावाच्या मित्राकडून आला. तो म्हणाला, सेकंडहँड आरएक्स ५८० देतो, आठ जीबी, एकदम स्वस्त. ओळखीतला मुलगा, मनात कपट नसेलही. पण क्रिप्टोच्या नाण्यांसाठी २०२० ते २०२२ मध्ये लोकांनी असली कार्डं रात्रंदिवस राबवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या नाण्यानं ती पद्धतच बंद केली, आणि पिळून काढलेली कार्डं पुसूनपासून बाजारात उतरली. राबलेलं कार्ड मेलेलंच असतं असं नाही, पण पंख्याच्या बेअरिंगपासून आतल्या मेमरीपर्यंत कशाला किती झीज झालीय ते नुसतं बघून कळत नाही. शिवाय ‘५८०’ याच नावाचं, पण आत कामाचे हात कमी असलेलं एक धाकटं कार्डही फिरतं. कागद काहीच नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण विजेची, ती पुढे सांगते.

आम्ही बायकांनी ठरवलं की आधी दुखणं शोधायचं, मग औषध. मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात पीसीबीच्या लाइनीवर अनेक वर्षं तपासणी केली आहे, त्यामुळे उघडं बोर्ड बघून मला घाबरायला होत नाही. आमच्या लाइनीवर सगळ्या बायकाच होत्या. साहेब म्हणायचे, ‘बायकांची बोटं नाजूक, कामाला बरी.’ डायन एल्सन आणि रूथ पिअरसन या दोघींनी १९८१ सालीच या नाजूक बोटांचं रहस्य सांगून ठेवलंय. ते कसब जन्मजात नसतं; शिवण-टिपण करून घरात फुकट शिकलेलं असतं, आणि जन्मजात म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. जगातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बोर्डावर सुटे भाग बसवणारे हात बहुतांशी बायकांचे. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक या अवाढव्य संगणकाला काम शिकवलं ते सहा बायकांनी. आणि तीच वस्तू खोक्यात भरून दुकानाच्या काउंटरवर आली की अचानक पुरुषाच्या अकलेची होते!

तर आम्ही काय केलं ते लिहिते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. नायलॉनची साडी किंवा ओढणी असेल तर बदला, सुती घाला. घर्षणानं अंगावर साठलेली वीज बोर्डाला मारते. लाइनीवर आम्ही मनगटाला पट्टा बांधायचो. घरी, प्लग काढून, यंत्राच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घालायचा. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं. मग झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी होती. आमच्या बाजूला रस्त्यांची खोदाई कायमची, आणि शेजारी कुदळवाडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं आणि हजारो शेड पाडली तेव्हा कित्येक दिवस आभाळ मातकट होतं. (त्या गोदामांत तार सोलणाऱ्या, प्लॅस्टिक निवडणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, यावर वेगळं लिहायला हवं.) मऊ ब्रशनं धूळ काढली, पंखा बोटानं धरून ठेवला म्हणजे तो उलटा गरगरत नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले आणि पुन्हा घट्ट बसवल्या. तरी यंत्र बंद पडतच होतं.

मग मुख्य परीक्षा. कार्ड काढून ठेवलं आणि पडद्याची वायर थेट बोर्डाला लावली. तिचा प्रोसेसर नवव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यात साधं चित्र दाखवायची सोय आहे. (प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल तर ती सोय नसते, हे आधी बघा.) दोन दिवस मुलीनं काम केलं, सिनेमे पाहिले, यंत्र एकदाही पडलं नाही. कार्ड परत लावलं, तर विंडोज सुरू व्हायच्या आधी, कंपनीचं नाव येतं त्या पडद्यावरच रंगीत चौकोन! याचा अर्थ दोष ड्रायव्हरचा नाही, कारण ड्रायव्हर तेव्हा जागाही झालेला नसतो. कार्डाची मेमरी किंवा चिपच गेलेली. म्हणजे दुकानदाराचं ‘कार्ड उडालंय’ खरं ठरलं म्हणायचं. पण न बघता खरं ठरणं आणि बघून सांगणं यात फरक आहे, आणि न बघितल्यामुळे जे राहून गेलं ते जास्त घातक होतं.

ते म्हणजे एसएमपीएस, घरातली वीज यंत्राला पचेल अशी करून देणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता, वजनाला हलका. बाहेर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’. पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या पुढे १६ अँपियर लिहिलेलं. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही या बारा व्होल्टवरच जगतात. प्रोसेसर ६५ वॅटचा. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट मागतं. बेरीज अडीचशेची! ते कार्ड लावलं असतं तर खेळ रंगात आला की वीज कमी पडून यंत्र पुन्हा बंद, किंवा डबाच जळाला असता, जाताना बोर्ड घेऊन. मग सगळे म्हणाले असते, ‘बघा, पोरीच्या हातात दिलं आणि वाट लावली.’ यंत्र एकाएकी बंद होऊन सुरू होतं तेव्हा विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ असं सापडतं. ती नोंद कारण सांगत नाही, यंत्र अचानक बंद पडलं एवढंच सांगते. तक्त्यातले अँपियर मात्र सगळं सांगतात, आणि त्यासाठी चौथीचा गुणाकार पुरतो.

मग कार्ड निवडायचं कसं? इथे मुलीनंच पुढाकार घेतला. ज्या फटीत कार्ड बसतं ती स्वतः ७५ वॅटपर्यंत वीज देते. तेवढ्यात भागणारं कार्ड घेतलं तर त्याला वेगळी वायर लागत नाही. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं यात बसतात. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं, २०२४ मध्ये आलेलं रूप ७० वॅटवर चालतं, पण नवं घ्यायचं तर ते आमच्या पैशात बसत नव्हतं. एकानं आरएक्स ६५०० एक्सटी सुचवलं. ते कार्ड बोर्डाशी फक्त चार पदरांनी बोलतं. नव्या बोर्डात चालून जातं, आमच्यासारख्या जुन्या बोर्डात मार खातं. मुलीनं ते स्वतः शोधून काढलं आणि नको म्हणाली. १०५० आणि १०६० च्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठी ड्रायव्हर देणं कंपनीनं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं, म्हणून जुन्यासारखंच दुसरं शोधण्यात अर्थ नव्हता. १६ च्या मालिकेला ते अजून मिळतात.

सगळे म्हणत होते, व्हॅलोरंट काय, १६५० वरही पळेल. पळेलच. पण ती म्हणाली, ‘मावशी, मला फक्त व्हॅलोरंट खेळायचं नाहीये.’ मला ते वाक्य फार आवडलं. आईनं तिच्या बाजूनं मत दिलं. आधी ३,१०० रुपयांचा चांगल्या कंपनीचा, दाखल्याचा, खरोखर ४५० वॅट देणारा नवा एसएमपीएस; आणि उरलेल्यात, दुकानातूनच, बिलासह, वापरलेलं सहा जीबीचं १६६० सुपर, ८,७०० रुपयांना. ते १२५ वॅटचं. जुन्या डब्यावर तेसुद्धा काठावर आलं असतं, नव्यावर ऐसपैस. क्रिप्टोची भीती याही कार्डाला आहे, म्हणून दुकानात अर्धा तास त्याच्यावर जोराचा भार टाकून तपमान आणि पंख्याचा आवाज बघितला. जीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं आतली चिप खरंच तीच आहे ना, ते पाहिलं. जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात सापडतात, आणि हा प्रोग्रॅम बऱ्याचदा ती पकडतो. दुकानदार कंटाळला. म्हणाला, ‘विश्वास नाही का ताई?’ आई म्हणाली, ‘कारखान्यात माझा प्रत्येक हार्नेस तपासूनच पुढे जातो, तेव्हा मी विचारते का साहेबाला विश्वास नाही का म्हणून?’

आता उरला खेळांचाच मुद्दा. हे खेळ हिंसक आहेत, त्यात बायकांची चित्रं ओंगळ आहेत, तिथे मुलींना घाणेरडं बोललं जातं, मग आपण आपल्या पोरींना तिथे का ढकलायचं? आक्षेप खोटा नाही. ही मुलगी माइक बंद ठेवून, मुलाचं वाटेल असं नाव घेऊन खेळते. अमेरिकेत २०१४ साली ‘गेमरगेट’ झालं तेव्हा खेळ बनवणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या बायकांना धमक्यांमुळे घरं सोडावी लागली. पण रस्त्यावर छेडछाड होते म्हणून आपण पोरींना घरात बसवा म्हणालो का? बसमध्ये, कारखान्यात, महाविद्यालयात, जिथे जिथे पुरुषांनी ‘ही आमची जागा’ म्हटलं तिथे आपण जाऊन बसलो, आणि मग भांडलो. ‘रिव्हर रेड’ हा गाजलेला खेळ १९८२ साली कॅरोल शॉ या बाईनं लिहिला होता; म्हणजे ही जागा मुळात त्यांचीही नव्हती. आणि आपल्याकडे? एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात गेमर मंडळींना भेटायला बोलावलं, त्यात मुलगी एक, छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे. सातात एक. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की देशातल्या दर शंभर बायकांपैकी तेहतीसजणींनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी सत्तावन्न जणांनी. खेळाच्या खोलीत पोरी कमी का, याचं उत्तर त्या खोलीच्या दाराशीच आहे. यंत्र कोणाच्या नावानं घरात येतं, कोणाच्या खोलीत राहतं, बिघडल्यावर कोणाला ‘पुरे’ म्हटलं जातं, त्यात आहे.

आपल्या गटाकडे माझी मागणी आहे. शिलाई मशीनचा वर्ग आपण वर्षानुवर्षं चालवतो. त्याच हॉलमध्ये महिन्यातून एक रविवार स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर आणि एक जुनं उघडं यंत्र ठेवून बसू. ज्यांना यायचं त्या आपापला बिघडलेला डबा घेऊन येतील. ‘संगणक साक्षरता’ नावाखाली बायकांना टायपिंग शिकवून थांबण्याचा प्रकार आता बंद करा. आणि वर्गाच्या पत्रकात ‘रोजगारासाठी उपयुक्त’ असं छापू नका. ज्या नुसत्या खेळायला शिकायच्यात त्याही येऊ देत.

शेवटी बिलाबद्दल, कारण तिथे पुन्हा भांडण झालं. दुकानदारानं न विचारता मुलीच्या वडिलांचं नाव लिहिलं. आईनं ते बिल परत केलं आणि स्वतःच्या नावाचं करून घेतलं, कार्डाचा आणि एसएमपीएसचा सिरियल नंबर, जीएसटी क्रमांक, आणि वापरलेल्या कार्डाची दुकानानं तोंडी कबूल केलेली महिन्याची हमी, हे सगळं त्यावर लिहून. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. ओळखीतल्या पोराकडून कागदाविना घेतलेल्या कार्डासाठी यातलं काही हाताशी राहत नाही. नवं बिल फाडताना दुकानदार पुटपुटला, ‘नाव कोणाचंही असलं तरी काय फरक पडतो?’ आईनं उत्तर दिलं, ‘मग माझंच लिहा.’